मंगळवारचा प्रसाद

"या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला साखर बंद!" हे फर्मान मुकुंदरावांनी स्वतःच लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. आठवडाभर त्यांनी घरादाराला दुधीच्या रसाबरोबर उपदेशाचे डोस पाजले. आठव्या दिवशी मात्र डोळे मिटले की शिराच दिसायला लागला आणि फर्मान काढणारा गाढव होता, हे त्यांना मनोमन पटलं.

मग देव आठवला. मंगळवारच्या आरतीला घरात शिरा असायचा, आणि प्रसादाला नाही कसं म्हणणार? जन्मात देवघराकडे न फिरकलेले मुकुंदराव सोवळं नेसून सगळ्यांच्या आधी हजर झाले, बेंबीच्या देठापासून आरती ओरडले.

घंटा ठेवता ठेवताच त्यांनी नैवेद्यावरचं झाकण उचललं. आत उकडलेले मूग होते.

"अगं, देवाला तरी सूट द्यायचीस!"

बायकोने फ्रिजकडे बोट दाखवलं. "का? आपले देव काय शेजाऱ्यांकडे राहतात?"