रविवार पाळणारी जमीन

भूकंपाला तीन महिने उलटले तरी घराजवळची जमीन रोज सकाळी हलत होती. फक्त रविवारी हलत नव्हती.

वेधशाळेतल्या निरीक्षकाला हे पटत नव्हते. भूकंपमापकाची सुई खोटे बोलत नाही, यावर त्याची सारी नोकरी उभी होती. पण जमिनीला वार कळतात, हे त्याच्या शिक्षणात बसत नव्हते. त्याने खाणीत चौकशी केली. सुरुंग बंद होते. पिठाची गिरणी भूकंपातच मोडली होती. कारण सापडेना, आणि कारणाशिवाय धीर धरणे त्याला जमत नसे.

वेधशाळा कोसळल्यावर यंत्र त्याच्याच घरामागच्या दगडी तळघरात हलवले होते, कारण तिथे खाली सलग कातळ होता. घराला मात्र त्याने स्वतः कुलूप घातले होते. स्वयंपाकघराची भिंत त्याच्या वडिलांना घेऊन पडली होती. सुई सबंध आठवडा स्वस्थ राहिल्याशिवाय कोणी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, असे त्याने आईला आणि बायकोला बजावले होते.

भूकंपानंतर घरांखालच्या उतारावर तंबू ठोकून राहिलेली बाकीची बिऱ्हाडे एकेक करून आपापल्या घरी परतली. जाताना शेजाऱ्याने टोमणा मारला की साहेबांची सुई तेवढी घाबरट निघाली. उतारावर निरीक्षकाचा एकच तंबू उरला.

रोज उजाडताच निरीक्षक आदल्या दिवशीच्या नोंदी घेऊन शहरातल्या कचेरीत जाई आणि दुपारी परतून तळघरात उतरे. फिरत्या कागदावर सकाळच्या जागी तेच बारीक, बोथट धक्के उमटलेले असत. जेवताना तो ते सांगे. बायको वाढत राही. पूर्वी ती रोज विचारायची, घरी कधी जायचे. आता विचारीत नव्हती. तिने आशा सोडली, असे त्याने मनाशी नोंदवले आणि त्याला अपराधी वाटले. तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते. पाणी लांबून आणावे लागते, एवढेच ती म्हणाली.

आई खोकत खोकत हसली. "जमीन तुझ्यासारखीच आहे रे. रविवारी जागची हलत नाही."

थंडी वाढली तसा आईचा खोकला छातीत उतरला. एका मंगळवारी पहाटे तिला श्वास पुरेना. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, औषध देते, पण कापडाखाली ते लागू पडायचे नाही, भिंती हव्यात. बायको नेहमीप्रमाणे पाण्याला गेली होती. निरीक्षक कचेरीत गेला नाही. सवयीने तो आधी तळघरात उतरला.

सुई हलत होती. आजवर त्याने धक्क्यांच्या खुणा पाहिल्या होत्या. धक्के चालू असताना तो प्रथमच तिथे उभा होता. जाड दगडातून दुसरे काही ऐकू येत नव्हते. वडिलांच्या अंगावर पडलेली भिंत त्याला आठवली. मग तंबूत लागलेली आईची धाप आठवली. एका धोक्याचे मोजमाप त्याच्यासमोर होते, दुसऱ्याचे नव्हते. आयुष्यात प्रथमच त्याने सुईकडे पाठ फिरवली.

तंबूत येऊन त्याने आईला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतले आणि किल्लीसाठी खुंटी चाचपली. खुंटी रिकामी होती.

"किल्ली शोधू नकोस," आई त्याच्या कानाशी म्हणाली. "चल."

"आई, जमीन आत्ताही हलतेय. घर टिकेल की नाही, मी सांगू शकत नाही."

"तुला कोणी विचारलंय? तू फक्त चाल."

उंबऱ्यापाशी वारा पडला आणि धक्का त्याला तळपायांत जाणवला. थोड्या वेळाने दुसरा. पाय मागे वळू पाहत होते. आईने त्याच्या खांद्यावरची पकड घट्ट केली. दार नुसते लोटलेले होते. तो आत शिरला, ओसरी ओलांडली आणि खांद्याने स्वयंपाकघराचे दार ढकलले.

पडलेली भिंत छपरापर्यंत उभी होती. चूल पेटली होती, तिच्या उबेला अंथरूण घातले होते. निम्मी जमीन ओल्या मातीने सारखी केलेली होती आणि उरलेल्या निम्म्या भागावर त्याची बायको, पदर खोचून, जमीन चोपायचा जड लाकडी धुम्मस दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचलून उभी होती.

संध्याकाळी, आईला झोप लागल्यावर, त्याने यंत्राच्या कागदावर लिहिले: कंपनांचे कारण, भिंतीची माती आणि जमीन चोपणे. केंद्र, स्वयंपाकघर. रविवारी कंपने नाहीत. त्या दिवशी निरीक्षक घरी असतो.