आईची दृष्ट

लेक तीन वर्षांची झाली आणि आज मी पुन्हा ऑफिसला गेले. परतले तर ती सासूबाईंच्या मांडीवरून हलेना. "ये ना गं, सोने," म्हटलं, तर तिने तोंडच फिरवलं. मी पर्ससकट तिथेच फरशीवर बसले.

"किती उतरलाय तुझा चेहरा! दृष्ट लागली असेल," सासूबाई म्हणाल्या.

लेक उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मूठ आवळून आली. ती माझ्यावरून ओवाळत म्हणाली, "आल्याची, गेल्याची, बाबाची, आजीची..."

"अगं, माझी कशाला लागेल?" सासूबाईंना हसू आवरेना.

"लागली!" लेक ठासून म्हणाली.

दृष्ट काढलेलं मीठ विस्तवात टाकतात. तिने मात्र मूठ सरळ माझ्या तोंडात रिकामी केली. साखर होती! मग बोटं चाटत ती माझ्या मांडीवर चढून बसली.