अडलेलं वाक्य

तिसऱ्या अंकात ती पुन्हा अडली.

विंगेत स्टुलावर बसलेल्या प्रॉम्प्टरने संहितेकडे पाहिलंही नाही. हे वाक्य त्याला झोपेतही देता आलं असतं. "तुमच्याशिवाय हे घर मला खायला उठेल," तो कुजबुजला. रंगमंचावर त्याच्या बायकोने मान किंचित विंगेकडे वळवली. तिचे डोळे भरून आले. मग तेच वाक्य तिने नायकाला म्हटलं आणि अंधारात प्रेक्षकांनी नाकं ओढली.

त्याला हे कोडं कधी उलगडलं नव्हतं. पानभर स्वगतं ती घडाघडा म्हणायची आणि एवढ्याशा वाक्याला नेमकी अडायची. दर प्रयोगाला. आजचा दुपारचा खेळ तिचा शेवटचा. उद्या सकाळी सिनेमा कंपनीची मोटार तिला न्यायला येणार होती. वर्षभराचा करार, दूरचं शहर. तिथे विंग नसते. तिथे हिचं कसं व्हायचं?

आठवडाभर तो हीच काळजी उराशी धरून होता. या कराराचं मी काय करू, असं तिने विचारलं तेव्हा तुझं तू बघ, म्हणून तो मोकळा झाला होता. नटीचा नवरा म्हणून तिच्यामागे बॅगा उचलत त्याला फिरायचं नव्हतं, आणि जाऊ नकोस म्हणायला जीभ रेटत नव्हती. कंपनीत सगळे त्याला पोपट म्हणत. विंगेत पोपट आणि घरात मुका, ही नायकाने जोडलेली पुरवणी.

पडदा पडला. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी पोशाख गोळा करत होत्या. त्यांच्याजवळ त्याने मन मोकळं केलं. हिला एक साधं वाक्य पाठ राहत नाही, तिथे कोण देणार आहे हिला वाक्यं?

मावशींनी दातात धरलेली टाचणी काढली. "कोणाला सांगतोस रे? गेल्या महिन्यात तू तापाने घरी पडलास, तेव्हा विंगेत मीच उभी होते. एका अक्षराला अडली नाही ती."

त्याचे पाय आपसूक रंगपटाकडे वळले.

ती आरशासमोर रंग पुसत होती. अर्धा चेहरा नायिकेचा, अर्धा त्याच्या बायकोचा.

"काही म्हणायचंय?" तिने आरशातूनच विचारलं.

त्याने तोंड उघडलं. अख्खी नाटकं पाठ असलेल्या माणसाला एक वाक्य सापडेना. ती थांबली, रोज त्याच जागी थांबायची तशीच. मग कापसाचा बोळा खाली ठेवून, ओठ जेमतेम हलवत, तिने त्याला पहिला शब्द दिला.

"तुझ्याशिवाय..."