वर्षभराचं औषध

तेजलच्या दंडात तांदळाएवढी कांडी बसवून शिरसाट सिस्टरांनी वर पट्टी चिकटवली.

"झालं! आता वर्षभर एचआयव्हीच्या गोळ्या नकोत. रक्तात काही बिघडलं, तर ही कांडीच आम्हाला कळवेल. दर महिन्याची खेप वाचली तुमची."

सोबत आलेल्या तिच्या मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला. तेजलचे डोळे मात्र भरून आले.

"दुखतंय का गं?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही. पण मग अफसाना मला कुठे भेटणार?"

शाळेत तेजल आजार लपवून असायची. औषधाच्या रांगेत भेटणाऱ्या अफसानापाशी मात्र तिला काहीच लपवावं लागत नसे.

सिस्टरांनी वहीत नंबर शोधला. मग त्यांनी अफसानाच्या आईला फोन लावला.

"शनिवारी पोरीला घेऊन या. नाही, औषध नाही, तपासणीही नाही. तेजल येतेय."