घाटावर उतरायचं कोणी

"मगर काढून टाकली मी," सून म्हणाली. "मगर आली की आई भाल्याने तिचा डोळा फोडतात आणि पुढे निघतात. काही उपयोग नाही."

मुलगा खिडकीची काच पुसत होता. ती सकाळीच पुसून झाली होती. "धुकं ठेव," तो म्हणाला. "धुक्यात माणूस जरा मऊ पडतं."

"तुझी आई धुक्यालाही दम भरेल."

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर निळ्या शाईने काढलेली नदी पसरली होती. थोड्या वेळात मंडळी खेळायला बसणार होती. खेळ कल्पनेतल्या राज्याचा. शापाची घंटा नावेतून न्यायची आणि समुद्रात बुडवायची. कुठल्या वळणावर काय भेटेल ते सून आधी आखायची. बाकीचे आपापलं पात्र होऊन त्यातून वाट काढायचे. तिला उत्तर ठाऊक नसेल तिथे वीस बाजूंचा फासा उत्तर द्यायचा: आकडा मोठा तर हो, लहान तर नाही. टेबलाचा नियम एकच: बोललं की घडलं. शब्द गिळता येत नाही.

सासू या खेळात आली ती चहा द्यायला. "घोडे झालेत नि बाहुल्या खेळतात," म्हणाली. पण तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी नाव खडकावर घातली, आणि तिला राहवलं नाही. तेव्हापासून नाव तिची, सुकाणू तिचं.

आज सुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता. पेन्सिलीचं टोक चावून चावून चोथा झाला होता. दोघांना दुसऱ्या शहरात नोकऱ्या लागल्या होत्या, उद्या होकार कळवायचा होता. आई हे घर सोडून यायची नाही, हे दोघांना ठाऊक. मग आम्ही निघालो, हे तिला सांगायचं कोणी? मुलाने जेवताना दोनदा तोंड उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा मीठ मागून मिटलं होतं.

म्हणून सुनेने नदीवर एक घाट घातला. घाटावर ऊबदार घर, अंगणात विहीर, गप्पिष्ट शेजार. घाटापुढे पाणी उथळ. एक माणूस उतरलं तरच नाव पुढे सरकणार. घर इतकं छान रंगवायचं की म्हातारीने आपणहून म्हणावं, मी राहते इथे. खेळात एकदा म्हणाली की खरं बोलायलाही तोंड फुटेल, असा बेत.

"ताकाला जाऊन भांडं लपवणं आहे हे," मुलगा म्हणाला.

"मग तू सांग सरळ."

तो पुन्हा काचेकडे वळला.

मंडळी आली. दातांचा डॉक्टर जादूगार व्हायचा, शाळेची बस चालवणारी शेजारीण चोर, मुलगा योद्धा. सून पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून खेळ चालवायची आणि नावेतली वाटाडीही तीच व्हायची. ती बसली, उठली, फडकं घेऊन आली, नसलेला डाग पुसला आणि मग सुरुवात केली.

धुकं आलं. "धुकं आहे तर कंदील लावा," सासू म्हणाली. "त्यात आवाज कापायला काय झालं तुला?"

पुलाखालचा राक्षस जकात मागायला आला. सासूने त्यालाच विचारलं, घरी आई आहे का, तिला सांगून आलास का. राक्षसाने जकात सोडून दिली. डॉक्टर हसला. मुलगा हसला नाही.

मग घाट आला.

"खिडकीत दिवा आहे," सून आडोशामागून म्हणाली. "शेजार चांगला आहे. विहिरीला बारमाही पाणी."

"हं."

"पुढे पाणी उथळ आहे, आई. कुणीतरी उतरायला लागेल."

मुलगा टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडत होता. सासूने निळ्या नदीवरून बोट फिरवलं आणि घाटापाशी थांबवलं.

"या घाटावर दुसरी होडी आहे का गं?"

सुनेने विहीर आखली होती, शेजारी आखले होते, खिडकीतला दिवासुद्धा आखला होता. होडी तिच्या ध्यानातच आली नव्हती. "फासा टाका," ती म्हणाली.

फासा टेबलभर हिंडला, पेल्यावर आपटला आणि थांबला. एकोणीस.

"आहे," सून म्हणाली. "लहानशी. दोघांपुरती."

"मग झालं. नाव माझी, मी कशाला उतरू? तुम्ही दोघं उतरा. घंटा घ्या, कंदील घ्या, समुद्र गाठा. मी नाव माघारी नेते."

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, असं नको. तू एकटी..."

"बोललं की घडलं," बसवाली हळूच म्हणाली.

"एकटी कशी? हा दातवाला आहे, ही चोरटी आहे. वल्ही मारतील की." सासूने मुलाकडे बघितलं. "तिकडच्या घराला खिडक्या भरपूर आहेत ना रे? आठवडाभर माझ्या काचा झिजवल्यास. तोंड उघडायची वेळ आली की तुझा हात फडक्याकडे जातो, लहानपणापासून."

सुनेचा हात पुठ्ठ्यावर तसाच राहिला.

"आणि तो आडोसा इकडे सरकव," सासू म्हणाली. "पुढच्या रविवारपासून नदी मी आखणार."