राहीबाईचं रक्त

"रिपोर्ट येईस्तोवर पोराला अंगावर घ्यायचं न्हाई," रतनबाईंनी सकाळीच पुन्हा बजावलं.

"न्हाई घेत, बाईसाहेब," राहीबाई म्हणाली.

रतनबाईंचं नगरात कापडाचं दुकान. सून बाळंत झाली, पण तिला दूध येईना. म्हणून नातवाला पाजायला सोनईहून राहीबाई आणली. तिची स्वतःची लेक दहा महिन्यांची. नवरा मिलिटरीत लॉरी चालवायचा, दुसरं महायुद्ध संपता संपता अपघातात गेला. मिलिटरी म्हटल्यावर रतनबाईंच्या मनात पाल चुकचुकली. बाहेरख्याली नवऱ्याकडून बायकोला आणि तिच्यापासून पोराला लागणारा गरमीचा रोग असला तर? दुधानं तोंड पोळलं की माणसं ताकही फुंकून पितात, रतनबाई न पोळताच फुंकत.

एकदाही पाजू देण्याआधी त्यांनी तिला नातवासकट मिशनच्या दवाखान्यात नेलं. एलिझाबेथ डॉक्टरीणबाईंनी राहीचं रक्त काढलं. मग चोंदलेल्या नाकाचं बाळ तपासलं आणि त्याचंही थोडं घेतलं.

"त्याचं कशाला?" रतनबाई उखडल्या. "बकरीच्या दुधानं सर्दी झालीया."

"पद्धत आहे. आणि दोष निघाला तरी भिऊ नका. आता पेनिसिलीन आलंय."

रक्त पुण्याला गेलं. आठ दिवस बाळ बोंडल्यानं बकरीचं दूध प्यायलं आणि रडलं. ते रडलं की राहीची चोळी भिजायची. काम गेलं तर दोघींनी खायचं काय, ही काळजी होतीच. पण खरी भीती वेगळी होती. आपल्या रक्तात दोष असला तर तो लेकीतही असणार. मेलेल्या नवऱ्यावर संशय घेताना तिला स्वतःचीच लाज वाटे.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद उघडला.

"राही, तुझं रक्त स्वच्छ आहे. लेकीचीही काळजी करू नकोस."

राही मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. मनातल्या मनात तिनं नवऱ्याची माफी मागितली. रतनबाईंचाही जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतःच्या हातानं नातू तिच्या मांडीवर ठेवला.

"घे गं बाई, पाज आता. लई छळलं मी तुला."

राहीनं पदर सावरला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी वाकून बाळ उचलून घेतलं.

"रतनबाई, आठ दिवस तुम्ही हिला पाजू दिलं नाहीत, ते फार बरं केलंत," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर बाळाचा रोग हिला लागला असता."