जाळलेलं पान

ज्योत्स्नाबाई केळुसकरांनी बत्तीस वर्षं लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या होत्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसाठी ही त्यांची पहिलीच कादंबरी, म्हणून छापायच्या आधी त्या ती नववीच्या वर्गात वाचून दाखवत होत्या. घर सोडून गेलेली रेवा शेवटी परत येते आणि आई तिला पोटाशी धरते, इथवर वाचून त्यांनी वही मिटली.

"बाई, असं नाही झालं," पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली. "रेवा परत आली तेव्हा दाराला आतून कडी होती."

बाईंनी मिटलेली वही उघडून शेवटचं पान पुन्हा पाहिलं. हे वाक्य त्यांनी लिहिलं होतं खरं, पण या वयाला झेपायचं नाही म्हणून ते पान जाळून टाकलं होतं. कुणाला दाखवलंही नव्हतं.

"तिनं तीनदा हाक मारली," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"घरात दिवा होता, पण कुणी ओ दिली नाही," तिच्या मागची म्हणाली.

एकेक मुलगी उठत गेली आणि जळालेलं पान शब्दाला शब्द म्हणत गेली. मग सगळ्या थांबल्या.

"पुढे?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"पुढचं तुम्ही लिहिलंच नव्हतं."

चाळीस मुली त्यांच्याकडे पाहत होत्या. बाई खुर्चीत बसल्या.

"तिचं नाव रेवा नव्हतं, नलू होतं," त्या म्हणाल्या. "माझी थोरली बहीण. मी तेव्हा तुमच्याएवढी होते. दाराच्या आत, कडीपाशी मीच उभी होते."